शून्याने भागलेली तेजी

गोरेगावकराला वेगाचं अप्रूप असतं. नेस्कोत प्रदर्शन असलं की वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे जागच्या जागी उभा राहतो, एस. व्ही. रोड तर उभं राहायला प्रदर्शनाचीही वाट बघत नाही. म्हणूनच की काय, निवृत्तीनंतर शेअर बाजारात शिरलो तेव्हा कंपनी काय बनवते, किती कमावते या संथ चौकशा मला रुचेनात. शेअर किती जोरात पळतोय हे सांगणारं शास्त्र हवं होतं. त्याला मोमेंटम म्हणतात. शनिवार-रविवारच्या एका क्लासात ते शिकलो. फी आगाऊ घेतात. माझ्या पैशांनी पहिला वेग तिथेच पकडला.

या शास्त्रातला मुख्य देव आरएसआय. जे. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1978 साली तो पुस्तकात मांडला. गृहस्थ मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर, हे कळल्यावर माझी श्रद्धा दुप्पट झाली. हिशेब असा: गेल्या 14 दिवसांत भाव चढला त्याची सरासरी काढायची, उतरला त्याची काढायची, पहिलीला दुसरीने भागायचं आणि तो भागाकार 0 ते 100 च्या पट्टीवर बसवायचा. 70 च्या वर गेला तर शेअर तापलाय, 30 च्या खाली आला तर निवलाय. दुसरा देव एमॅकडी. तो 12 आणि 26 दिवसांच्या सरासऱ्यांमधलं अंतर मोजतो आणि त्यावर 9 दिवसांची आणखी एक सरासरी ओढतो. या दोन रेघा एकमेकींना छेदल्या की क्लासात सगळे "आहा" म्हणत. मीही म्हणे.

"अहो, निदान आपल्याला कळतं अशा धंद्यात तरी पैसे घाला," ही म्हणाली. मला कळतो असा धंदा एकच. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी हयात गेली. पक्कड, पाना, पाइप रेंच, पेचकस. कोणी काय नेलं, कोणी परत दिलं, कोणाचं 'हरवलं', हे रजिस्टर मी ठेवत असे. टपारियाची पक्कड सगळ्यांत जास्त हरवायची. मालाच्या दर्जाची याहून चोख कसोटी कुठल्याही विश्लेषकाकडे नाही.

टपारिया टूल्स म्हणजे नाशिकची, सातपूर एमआयडीसीतली कंपनी. 1969 साली स्वीडनच्या तंत्रसहकार्याने तिने हत्यारं बनवायला घेतली आणि आज इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत तिचं एखादं तरी हत्यार सापडतंच. शेअर मुंबई शेअर बाजारात नोंदलेला. मी चार्ट उघडला आणि थक्क झालो. इतर शेअरांच्या कँडल, म्हणजे दिवसभराच्या भावाच्या खुणा, लहानमोठ्या, लाल-हिरव्या, शेंड्या काढलेल्या असतात. इथे नुसत्या आडव्या रेघा, एकावर एक, जिन्यासारख्या. उघडला तो भाव, बंद झाला तोच भाव. दुसऱ्या दिवशी काही पैसे वर आणि पुन्हा तसंच. आरएसआय बघितला तर काटा 100 ला टेकलेला!

100 हा आकडा क्लासात कोणी पाहिलेला नव्हता. मी वहीत लिहिलं, 'अतितप्त. 30 ला येईपर्यंत थांबणे.' आणि थांबलो. भाव चढत राहिला, काटा हलेना. माझ्या संयमाचं मलाच कौतुक वाटू लागलं. हिला म्हटलं, "याला शिस्त म्हणतात." ती म्हणाली, "गॅस संपलाय."

मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब स्वतः केला. 14 दिवसांत भाव एकदाही उतरला नव्हता, म्हणजे उतरणीची सरासरी शून्य. त्या शून्याने भागायचं! आमच्या मास्तरांनी यासाठी पट्टी उगारली असती. सॉफ्टवेअर मुकाट्याने 100 लिहून मोकळं होतं. मी त्या 100 कडे पाहून डावपेच आखत होतो.

भाव उतरत नव्हता, कारण विकणारा नव्हता. या शेअरची गोष्टच अजब आहे. बहुतांश शेअर प्रवर्तकांकडे. उरलेले ज्यांच्याकडे आहेत ते कशाला विकतील? दर्शनी किंमत 10 रुपये, बाजारभाव वर्षानुवर्षं त्याच्याही खाली होता आणि एका शेअरवर मिळणारा लाभांश कधी कधी त्या बाजारभावाहून मोठा असे! सोन्याची अंडी राहू द्या, इथे अंडंच कोंबडीपेक्षा महाग. भावाला दिवसाची मर्यादा, म्हणजे सर्किट, असते, त्यामुळे तो टप्प्याटप्प्यानेच चढणार. घेणाऱ्यांची रांग वरच्या सर्किटला उभी, विकणाऱ्याची खिडकी बंद. मी गर्दीचा वेग मोजणारं यंत्र घेऊन बसलो होतो आणि तिथे एकही माणूस चालत नव्हता.

असा अडून राहिलेला भाव एकदम सुटूही शकतो म्हणून एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं उदाहरण मी हिला सांगून पाहिलं. एशियन पेंट्सचे शेअर बाळगणारी कंपनी, भाव 3 रुपये 53 पैसे. बाजाराने खास लिलाव ठेवला आणि 29 ऑक्टोबर 2024 ला तोच भाव 2 लाख 36 हजार 250 झाला. तो लिलाव गुंतवणूक कंपन्यांपुरता होता, पकडी बनवणाऱ्यांना लागू नव्हता, हे मात्र मी हिला सांगितलं नाही.

शेवटी मीही रांगेत लागलो. एकाच भावाच्या ऑर्डरींत ज्याची आधी त्याचा नंबर आधी. मी पहाटे उठून ऑर्डर टाकू लागलो. संध्याकाळी ती रद्द होई. ब्रोकरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "काका, तुमच्या पुढे लाखो शेअरांची मागणी आहे. आरेत फिरायला जा, तब्येत तरी सुधारेल."

तहान भागवायला मग हत्यारांचीच दुसरी, बऱ्यापैकी उलाढाल असलेली एक छोटी कंपनी शोधली. नाव सांगत नाही, बिचारीचा काही दोष नाही. आरएसआय 65, एमॅकडीच्या रेघा छेदलेल्या. आहा! घेतले. थोड्याच दिवसांत आरएसआय 28. निवला, म्हणून आणखी घेतले. 30 च्या खाली गेलेला काटा तिथेच बिऱ्हाड करू शकतो, हे बहुधा क्लासच्या पुढच्या बॅचला शिकवतात. किती गेले तो आकडा इथे छापत नाही. ही हा अंक वाचते.

त्याच सुमारास एस. व्ही. रोडवरच्या हार्डवेअरवाल्याकडे बाजाराची नाडी पाहायला गेलो. "टपारियाची पक्कड कशी खपते हो, शेठ?" शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, घ्यायचीय की नुसतं विचारायचंय?" पाठीमागे दोन प्लंबर ताटकळत होते. लाजेकाजेस्तव एक पक्कड घेतली. टपारियातली माझी आजवरची एवढीच गुंतवणूक. ती पहिल्याच प्रयत्नात मिळाली, तिच्यासाठी रांग नव्हती, आणि तिने नळाचा नट त्याच संध्याकाळी सोडवला.

वाचकांपैकी कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत या कंपनीची जुनी शेअर सर्टिफिकेटं निघाली तर ती आधी डिमॅट करून घ्या. आणि विकायचीच असतील तर जरा आधी कानावर घाला. मी रांगेत बराच मागे आहे.