फाइलकाका

मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रोडला. दुसरा डोंबिवली पूर्वेला, म्हणजे आमचा. ठाण्यातल्याचं पोलीस ठाणं चितळसर-मानपाडा, आमचं नुसतं मानपाडा, आणि दोन्ही ठाणे पोलीस आयुक्तालयातच. आमचा पिन ४२१ ने सुरू होतो, त्यांचा ४०० ने. रिक्षावाल्याला हे सांगावं लागत नाही. कुरिअरवाल्याला सांगूनही कळत नाही. अमेरिकेला कसं समजवायचं, हे आमच्या सोसायटीत एकाच माणसाला ठाऊक आहे. त्यांना सगळे फाइलकाका म्हणतात. त्यांचं खरं नाव नेमप्लेटवर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही.

तुमच्याही सोसायटीत असे एक असतील. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेली, शर्टाच्या खिशात निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं. निवृत्तीनंतर लोक नर्मदा परिक्रमेला जातात, फाइलकाका झेरॉक्सला जातात. दार उघडलं की "ये, बस" नाही, "ओरिजिनल आणलंस?" मग समोरच्या टीपॉयवरून पेपर उचलून बाजूला ठेवतात, स्पंजच्या डबीत बोट बुडवतात आणि तुमचं आयुष्य एकेक पान उलटत बघतात.

कागदांची त्यांची स्वतःची वंशावळ आहे. ओरिजिनल म्हणजे आजोबा, झेरॉक्स म्हणजे मुलगा, झेरॉक्सची झेरॉक्स म्हणजे नातू. "नातू चालणार नाही," असं ते म्हणाले की नवखा माणूस घाबरतो. आणि लॅमिनेशन! आमच्या तळमजल्यावरच्या एकाने प्रेमापोटी सगळ्या मार्कशीट लॅमिनेट करून आणल्या, तेव्हा काकांनी त्या हातातही घेतल्या नाहीत. लांबूनच बघितल्या आणि चष्मा काढला, स्मशानात काढतात तसा.

माझ्या भाचीचं लग्न न्यू जर्सीतल्या मुलाशी झालं, तेव्हा या गृहस्थांशी माझा खरा संबंध आला. मुलगा अमेरिकेचा नागरिक. पंधरा दिवसांची सुटी काढून आला, लग्न केलं, आणि हळद उतरायच्या आत परत गेला. हिला न्यायची तर ग्रीन कार्ड हवं. ताईने मला फोन केला, "तुमच्याकडे ते काका आहेत ना?" काकांची कीर्ती कल्याणपर्यंत पोचलेली आहे.

काकांनी यादी आधीच छापून ठेवली होती. इंग्रजी यादी, समासात मराठी शेरे. आय-१३० समोर लिहिलं होतं, "मागणी घालणे." आय-८६४ समोर, "जामीन." मुलाने अमेरिकन सरकारला लिहून द्यायचं की मी हिला पोसेन, आणि तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. ताई खूश झाली. आपल्याकडे मुलाचा पगार किती हे विचारायला मध्यस्थ लागतो, आणि तो सांगतो त्यातून तीस टक्के वजा करायचे असतात. इथे सरकारच पगाराच्या स्लिपा मागत होतं. पण काकांनी पुढचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत हिचं पाऊल तिकडे पडलं, तर कार्ड मिळणार दोनच वर्षांचं. मग आय-७५१ भरून पुन्हा पुरावे द्यायचे की अजून एकत्र नांदतोय.

"म्हणजे?" ताई म्हणाली.

"प्रोबेशन," काका म्हणाले. "लग्नाला प्रोबेशन. १९८६ पासून आहे त्यांच्याकडे. लोक खोटी लग्नं लावायला लागले म्हणून कायदा केला. त्यात वाईट काय आहे? आम्हालाही होतं. मग सेवेत कायम करतात."

पहिली अडचण जन्माच्या दाखल्याने काढली. भाची १९९७ ची. दवाखान्याने जन्म महापालिकेला कळवला तेव्हा बारसं झालेलं नव्हतं, त्यामुळे दाखल्यावर आईबापाचं नाव वगैरे सगळं आहे आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. गेली सत्तावीस वर्षं ती कोरीच राहिली. नाव घालायची मुदत कायद्यात १५ वर्षांची. शासन अधूनमधून ती वाढवतं, आणि आम्ही नशिबाने वाढीव मुदतीत सापडलो. काकांना याचं काहीच वाटलं नाही. त्यांना खरा आनंद झाला तो दुसरी ओळ वाचून. आईचं नाव: कुसुम.

"ही कुसुम कोण?"

"मीच," ताई म्हणाली. "माहेरची. सासरी माधुरी ठेवलं. तांदळात लिहिलं ना."

मराठी लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. त्या तांदळाचा पुढे भात होतो, आणि नावाचा आधार कार्ड, रेशन कार्ड, पॅन कार्ड. मधला दुवा शिजून गेलेला असतो. काकांनी ताईला विचारलं, राजपत्रात छापलं होतंत का? तिला वाटलं, ते लग्नपत्रिकेबद्दल बोलताहेत. शेवटी कुसुम आणि माधुरी ही एकच व्यक्ती आहे, असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं.

काकांनी आतून जर्मनची पेटी आणली. तळाशी शंभराचे सात कोरे स्टॅम्पपेपर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. अडीअडचणीला असावेत म्हणून त्यांनी ते जपून ठेवले होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शासनाने शंभरावरून पाचशे केले. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही असं काकू सांगतात. तरी नोटरीकडे जाऊन काकांनी एकदा बाजू मांडलीच: सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. नोटरी म्हणाला, "बरोबर आहे काका. पण त्यात अमेरिकेचं सरकार येत नाही."

मग लग्नाचं प्रमाणपत्र. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे नमुना ड मध्ये अर्ज करायचा, तीन साक्षीदार आणायचे, गुरुजींची सही घ्यायची, मग नमुना ई मध्ये दाखला मिळतो. नवरानवरी सापडतात, साक्षीदारही सापडतात. सापडत नाहीत ते गुरुजी. लग्नसराईत ते डोंबिवली-कर्जत-पनवेल असे फिरत असतात. काकांनी आमच्या गुरुजींना कुठे गाठलं? फडके रोडला, उसाच्या गुऱ्हाळात. ग्लास बाजूला सारून, ओली जागा रुमालाने पुसून, त्यावर कालचा पेपर अंथरून सही घेतली. आणि गुरुजींनी शेवटच्या अक्षराला सवयीने स्वस्तिकासारखा फाटा काढला, तो ओळखपत्रावरच्या सहीत नव्हता, म्हणून दुसरा फॉर्म काढून पुन्हा घेतली. गुरुजींचा रस तोवर काळा पडला होता. पैसे काकांनी दिले, पावती मागितली.

आसपासच्या गावांतली माणसं आली की काका आधी जन्मसाल विचारतात. इथली २७ गावं १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. त्यामुळे एकाच घरातल्या मोठ्या भावाचा दाखला महापालिकेत, धाकट्याचा ग्रामपंचायतीत असं होऊ शकतं. काका हे पाढे म्हटल्यासारखं म्हणतात, आणि गावकरी मान डोलावतात, कारण त्यांच्या जमिनीचं याहून अवघड आहे.

पण काकांची खरी कसोटी लागली ती भाचीच्या यादीतल्या पुढच्या कलमाला. लग्न झालं हा एक पुरावा. लग्न खरं आहे हा वेगळा. दोघांचे एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं, एकमेकांशी झालेला पत्रव्यवहार. ताईने अल्बम आणला. चाळीस हजारांचा, उशीएवढा जाड. काकांनी पहिला फोटो पाहिला: मधे अंतरपाट, एका बाजूला मुंडावळ्यांचं टोक, दुसऱ्या बाजूला मामा म्हणजे मी. लग्न लागेपर्यंत नवरानवरी एकमेकांना दिसत नाहीत, हे अमेरिकन अधिकाऱ्याला काय सांगणार? त्यापुढचे दीडशे फोटो स्वागत समारंभाचे. नवरानवरीच्या दोन्ही बाजूंना पाकीट दिलेली आणि आता जेवायला कुठून जायचं याचा अंदाज घेणारी माणसं.

"हे कोण?" काका पेन घेऊन बसले होते. प्रत्येक फोटोमागे नाव आणि नातं लिहायचं हा त्यांचा नियम.

ताईने चष्मा लावला. "मुलाकडचे असतील."

व्हिडिओ कॉल करून मुलाच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्हाला वाटलं तुमच्याकडचे." तो गृहस्थ सहा फोटोंत आहे. तीन वेळा आइस्क्रीमसह. कुठल्या लग्नाला आला होता देव जाणे. काकांनी मागे लिहिलं, "हितचिंतक."

पत्रव्यवहार म्हणजे व्हॉट्सॲप. भाचीने आठ महिन्यांचं चॅट छापून आणलं आणि वर खाली न बघता काकांच्या हातात दिलं. तिला वाटलं, ते फक्त टोचणीने पंच मारतील. काकांनी वाचायला घेतलं. एकशे चाळीस पानं! भाची उठून गॅलरीत गेली. ताई देवासमोर बसल्यासारखी बसली. मी सोसायटीच्या सभेची नोटीस दोनदा वाचली.

पानांमध्ये होतं ते असं: "जेवलास?" "हो." "काय?" "पास्ता." "कालचाच?" "हो." मग दुसऱ्या दिवशी: "जेवलास?" मधे एकदा तीन पानं कपडे धुवायच्या मशीनच्या नळीवर. एकदा त्याने बर्फाचा फोटो पाठवला, तिने विचारलं, "टोपी घातलीस का?"

काकांनी शेवटचं पान उलटलं, टॅग ओवला, गाठ मारली. म्हणाले, "लग्न खरं आहे. खोट्या लग्नात माणसं इतकं कंटाळवाणं बोलत नाहीत."

भाचीला व्हिसा मिळाला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत काका गेटपर्यंत आले होते. "ब्रीच कँडीला होतं तेव्हा झाडाची सावली तरी होती," एवढंच म्हणाले. आतल्या माणसाने फाइल कितपत उघडली, हे भाचीने काकांना अजून सांगितलेलं नाही. तिला विचारलं फक्त, नवरा कुठे राहतो आणि स्वयंपाक कोण करतं.

हे सगळं मी लिहिलंच नसतं, पण मार्चमध्ये काकू आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी टेक्सासला. गेल्या वर्षी नागरिक झाली, आता आईबाबांचा अर्ज भरते म्हणते. वडिलांसाठी अर्ज करायचा तर तिचा जन्मदाखला लागतो आणि सोबत आईबापाच्या लग्नाचा दाखला.

"मग काय, काकांनी तो फाइलच्या पहिल्याच पानाला लावला असेल," मी म्हणालो.

"नोंदवलंच नाही हो आम्ही," काकू म्हणाल्या. "एकोणऐंशी साली चिपळूणकडे झालं. तेव्हा कोण नोंदवतंय? आणि नंतर मी म्हटलं तर हे म्हणायचे, आपल्याला कोण विचारणार आहे."

सोसायटीतल्या सतरा जोडप्यांना नमुना ड भरून देणारा माणूस पंचेचाळीस वर्षं बिगरनोंदणीचा संसार करत होता. मी भेटायला गेलो तेव्हा काका कोरा फॉर्म पुढे घेऊन बसले होते. गुरुजी जाऊन जमाना झाला. साक्षीदार असे हवेत की जे तेव्हा लग्नाला हजर होते आणि आज हयात आहेत. यादी केली, एकेक नाव लाल पेनाने खोडलं, आणि तीन उरले. एक काकांचा चुलतभाऊ, एक गावचा मित्र. तिसरी काकूंची धाकटी बहीण, ती काकांशी वीस वर्षं बोलत नव्हती. कारण? तिच्या मुलाचा एक अर्ज काकांच्या टेबलावर आला होता आणि काकांनी त्यावर "अपूर्ण, सबब परत" असा शेरा मारून तो परत पाठवला होता. सख्ख्या भाच्याचा.

काका स्वतः विरारला गेले. सोबत खरवस नेला. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. बाई आल्या, प्रभाग कार्यालयाच्या बाकावर बसून त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एक रकाना रिकामा आहे का ते पाहिलं, आणि मग सही केली. काकांनी घाम पुसला.

तेवढ्यात कारकुनाने मान वर केली. आधार कार्डावर काकूंचं सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. दोन्ही एकच कशावरून?

"तांदळात लिहिलं होतं," काका म्हणाले.

प्रतिज्ञापत्राला पाचशेचा कागद लागला. शंभराचे सातही अजून पेटीत आहेत.