इंजिनापासून चौथा

करमाळ्याला रेल्वे नाही, म्हणून करमाळ्याच्या माणसाला रेल्वेतलं काही कळत नाही, असा माझ्या पुण्याच्या सासुरवाडीचा ठाम समज आहे. आता आमच्या तालुक्यात जेऊर आहे, केम आहे, पारेवाडी आहे. रूळ सगळे आमचेच, फक्त गावाला टाळून गेलेत. आणि जो भाऊबंद आपल्या दारावरून तोंड फिरवून जातो, त्याच्या घरची खडान्‌खडा माहिती आपल्याला असते. माझं रेल्वेचं तसं आहे.

माझा खास विषय म्हणजे डबे. कुठला डबा फलाटावर कुठं येईल, हे मी सांगतो. लोक गाडी यायच्या आधी देवाचं नाव घेतात, माझ्या ओळखीचे लोक मला फोन करतात. ‘सर, एस-फाइव्ह?’ मी डोळे मिटून सांगतो, ‘पाण्याच्या नळापासून वीस पावलं पुढं.’ डोळे मिटायची गरज नसते, पण त्याशिवाय ज्ञानाला वजन येत नाही.

शास्त्र सोपं आहे. सगळ्यात पुढं इंजिन. त्याच्यामागं सामानाचा डबा, मग एक-दोन जनरल, मग स्लीपर. मधोमध एसी मंडळी, त्यांच्या आसपास पँट्री. पुन्हा स्लीपर, पुन्हा जनरल आणि शेवटी गार्ड. (2022 पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं. कंदील आणि झेंडी तीच.) शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. ती दिसली की गाडी अख्खी आली, वाटेत एखादा डबा सुटला नाही, हे स्टेशनवाल्यांना कळतं. एसी मध्ये का? तर फाटक, पूल आणि चहा फलाटाच्या मध्याजवळ असतात. जनरल दोन टोकांना का? गर्दी एका जागी साचू नये म्हणून. कुणालाही पटेल अशी उत्तरं. मीही ती वर्षानुवर्षं पटवत आलो.

तर प्रसंग आईला काशीला नेण्याचा. दौंडची कॉर्ड लाईन तेव्हा व्हायची होती. आम्ही नगरला एसटीनं जाऊन गाडी धरणार, मेहुणा आणि त्याची बायको पुण्यातच बसणार. पुण्याहून त्याचा फोन आला, ‘दाजी, आपला डबा इंजिनापासून चौथा.’ एवढं पुरे होतं. मी आई, बायको, चार बॅगा आणि भाकरीचं गाठोडं घेऊन अचूक जागी जाऊन उभा राहिलो. माझा आत्मविश्वास बघून आणखी दोन कुटुंबं विचारायला आली. त्यांचेही डबे आमच्या शेजारचेच. त्यांनाही मी रांगेत लावून दिलं. जमलेल्या श्रोत्यांना नुसतं उभं ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी बार्शी लाईट काढली.

बार्शी लाईट हा माझा कमकुवत भाग आहे. ती एकदा सुरू झाली की तिच्याच वेगानं चालते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. आजच्या कुर्डुवाडीला तेव्हा बार्सी रोड म्हणत. तिथून बार्शीपर्यंत त्यानं 1897 साली अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू केली. 1906 ला ती पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. त्याच्या डोक्यातली खरी गंमत रुळांच्या रुंदीत नव्हती, वजनात होती. इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, असा त्याचा हट्ट. म्हणजे इंजिन साहेब असलं तरी रुळाला त्याचा भार डब्याहून जास्त वाटता कामा नये! पंढरीच्या वाटेवर असलाच हिशोब शोभतो, असं मी नेहमी म्हणतो आणि थोडा थांबतो, टाळीसाठी. याच गृहस्थानं पुढं विमानातून उडी मारायची छत्री काढली, ‘गार्डियन एंजल’ नावाची. बार्शी लाईटमधून चालू गाडीत उतरून लोक विडी पेटवून परत चढत, असं आमच्याकडं सांगतात. तिथं छत्रीची गरज नव्हती, म्हणून बिचारा विमानांकडं वळला असावा.

आईचं माहेर कुर्डुवाडीकडचं. ती लहानपणी वडिलांबरोबर त्या गाडीनं पंढरपूरला जायची. मी कॅलथ्रॉप सांगत होतो तेव्हा ती मध्येच म्हणाली, ‘खिडकीतून हात काढला की बाभळीचा पाला लागायचा.’ मी म्हणालो, ‘आई, थांब, मी आसाबद्दल बोलतोय.’

तेवढ्यात गाडी आली.

आता वाचकांनी दौंड आठवावं. कॉर्ड लाईन नव्हती, म्हणून पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी तेव्हा दौंडला तोंड फिरवायची. इंजिन सुटायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. पुढचं ते मागं, मागचं ते पुढं. ही गोष्ट मी आयुष्यात किमान शंभर लोकांना सांगितली आहे. त्या दिवशी मात्र मी स्वतः बार्शीला होतो. इंजिनापासून चौथा म्हणजे आता शेवटून चौथा! चोवीस डब्यांची गाडी, म्हणजे मध्ये जवळपास चारशे मीटर. दूरवर मेहुणा दारात लोंबकळून ‘दाजी!’ म्हणून हात हलवत होता. इतक्या लांबून तो पहिल्यांदाच मला देखणा वाटला.

दोन्ही कुटुंबं माझ्याकडं एकदाच बघून पळत सुटली. त्यातल्या आजोबांनी पळता पळता जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही, पण न्याय्य होतं. आई पळू शकत नव्हती. तिचे गुडघे दोन वर्षांपासून जिना बघितला की थांबायचे. मी बॅगा धरू की तिला, हे कळेना. शिट्टी झाली. समोर जनरल होता, दारापर्यंत भरलेला. आतून एका बाईनं हात पुढं केला आणि काही न विचारता आईला दंडाला धरून वर घेतलं. मागून बायको, गाठोडं, बॅगा आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्या पाठीवर फुली तेवढी नव्हती.

त्या बाईनं लेकराला मांडीवर घेऊन आईला खिडकी दिली. पुण्यात बांधकामावर काम करायची, चाळीसगावकडं निघालेली. आईनं गाठोडं सोडलं, भाकरी आणि शेंगाचटणी पाच-सहा हातांत गेली. मी संडासाच्या दाराशी उभा राहून, चूक माझी नव्हती, दौंडची होती, हे आजूबाजूला समजावून सांगू लागलो. इंजिन, पुढचं टोक, मागचं टोक. बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आपलं बरं हाय भाऊ. गाडी सुलटी येवो का उलटी, आपला डबा टोकालाच.’

मी गप्प झालो. बायको सांगते, लग्नानंतर पहिल्यांदाच.

इतकी वर्षं मी क्रम पाठ केला होता. पण टोकाचा डबा फलाटाच्या छपराबाहेर उन्हात थांबतो, फलाट तोकडा असला की लेकरं खडीवरून वर ओढून घ्यावी लागतात, नळ तिथवर पोचलेला नसतो, हे माझ्या शास्त्रात कुठं नव्हतंच. मी नळापासून पावलं मोजायचो ती नेहमी दुसऱ्या बाजूला.

मनमाड आलं. मी आईला म्हणालो, ‘चल, आता सावकाश आपल्या डब्यात जाऊ.’ आई खिडकीबाहेर हात काढून बसली होती. म्हणाली, ‘तू जाऊन ये. मला इथं वारा लागतोय.’

मी खाली उतरलो. मनमाडहून भुसावळकडं जाताना गाडी तोंड फिरवत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी आधी इंजिन कुठल्या टोकाला आहे ते बघून घेतलं, आणि चहावाल्यालाही विचारलं.