खानदानी ब्राऊन्सवाला

ब्राऊन्सवाल्याला ‘काय, यंदा जिंकणार का?’ असं सहज म्हणूनही विचारू नये. उत्तर १९६४पासून सुरू होतं. त्या वर्षी २७ डिसेंबरला क्लीव्हलँड ब्राऊन्सनी बाल्टिमोर कोल्ट्सना २७-० असं धुऊन काढलं आणि अमेरिकन फुटबॉलचं विजेतेपद घेतलं. सुपर बोल, म्हणजे आजचा अंतिम सामना, तेव्हा जन्मायचा होता. पुढे तो जन्मला, त्याने बाळसं धरलं, त्याच्या मध्यंतरात जगातले बडे बडे गायक नाचून गेले. ब्राऊन्सची पायधूळ मात्र तिथे आजवर झडलेली नाही. हा इतिहास तो रडत सांगत नाही. पडक्या वाड्याचा मालक पाहुण्यांना ‘हा सागवानी खांब बघा’ म्हणत फिरवतो, त्या तोऱ्यात सांगतो.

तोऱ्याला आधार नाही असं नाही. पॉल ब्राऊन या प्रशिक्षकाचं नाव लावून १९४६ साली हा संघ उतरला आणि त्या वेळच्या नव्या लीगची चारच्या चार विजेतेपदं घेऊन मोकळा झाला. ती लीग बंद पडली. १९५०मध्ये ही मंडळी एनएफएल या मोठ्या लीगमध्ये दाखल झाली तेव्हा तिथल्या जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. पहिल्याच वर्षी ब्राऊन्सनी त्यांचंही विजेतेपद उचललं. मग जिम ब्राऊन आला, ज्याला अडवायला तीन-तीन माणसं लागत. पण हे डोळ्यांनी पाहिलेले लोक आता पार म्हातारे झाले. आपला ब्राऊन्सवाला त्यानंतरचा. त्याच्या वाट्याला वैभव आलं ते ऐकीव. दुःख मात्र अस्सल, स्वानुभवाचं.

आणि या दुःखात ज्येष्ठतेचा मान असतो, हे बाहेरच्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नाही. सामन्याच्या रविवारी म्युनी लॉट नावाच्या सरकारी पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटतात, सॉसेजं भाजली जातात, बियर वाहते. कुत्र्याचे मुखवटे घातलेली चांगली कर्ती माणसं एकमेकांवर भुंकत असतात. (भुंकणं ही इथली परंपरा आहे. १९८०च्या दशकात हॅनफर्ड डिक्सन आणि फ्रँक मिनिफिल्ड या दोन बचावपटूंनी सरावात भुंकायला सुरुवात केली, ती साथ प्रेक्षकांत पसरली आणि स्टेडियमच्या त्या टोकाला ‘डॉग पाउंड’ म्हणू लागले.) तिथे एखादा तरुण छाती पुढे काढून म्हणतो, “मी २०१७चा सगळा सीझन बघितलाय. सोळापैकी सोळा हरलो.”

शेगडीजवळचा पिकल्या मिशांचा गृहस्थ मान वर न करता विचारतो, “१९८७च्या जानेवारीत कुठे होतास?”

“जन्मलो नव्हतो.”

“मग कांदा चीर.”

त्या जानेवारीच्या ११ तारखेला काय झालं, ते क्लीव्हलँडमध्ये कुणाला विचारायचं काम नाही. जिंकणारा थेट सुपर बोलला जाणार होता. ब्राऊन्स २०-१३ असे पुढे, साडेपाच मिनिटं उरलेली आणि डेन्व्हरचा संघ स्वतःच्या दोन यार्डांच्या रेषेवर, म्हणजे अगदी स्वतःच्या उंबरठ्यात अडकलेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, एवढाच या खेळाचा कणा. त्यांच्या जॉन एल्वे नावाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चाली चालवणाऱ्या खेळाडूने, पंधरा खेळींत अठ्ठ्याण्णव यार्ड कापले, ३७ सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत ब्राऊन्स हरले. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, तोच टप्पा. या खेपेला अर्नेस्ट बायनर बरोबरीचा टचडाउन करायला निघाला आणि गोलरेषा अगदी हाताशी आली असताना चेंडू त्याच्या हातून निसटला. पहिल्याचं नाव ‘द ड्राइव्ह’, दुसऱ्याचं ‘द फंबल’. इतर शहरांत रस्त्यांना नावं देतात, इथे पराभवांना. ‘रेड राइट ८८’ हेही त्यातलंच एक, १९८१च्या जानेवारीतलं. ते लिहायला बसलो तर लेखाची जागा पुरायची नाही. त्याला विचारलंत तर थंडीसकट सांगेल.

वर्षाच्या बारा महिन्यांत त्याला खरा सुखाचा महिना म्हणजे एप्रिल. एप्रिलमध्ये सामने नसतात, त्यामुळे हरता येत नाही. असतो तो ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या होतकरू खेळाडूंची वाटणी. आणि तिचा नियम असा की आदल्या वर्षी जो सर्वांत वाईट खेळला, त्याने सर्वांत आधी निवडावं. ब्राऊन्सवाल्याच्या लेखी जगातली ही एकमेव न्याय्य व्यवस्था. १९९९, २०००, २०१७ आणि २०१८ अशी चार वर्षं पहिल्या निवडीचा मान ब्राऊन्सकडे होता. अशा एप्रिलमध्ये तो उजळून निघतो. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हाताचा पंजा किती इंचांचा, चाळीस यार्ड तो किती सेकंदांत पळतो, हे त्याला तोंडपाठ असतं; स्वतःच्या मुलाची इयत्ता मात्र बायकोला विचारावी लागते. नवा क्वार्टरबॅक आला की नवी जर्सी येते. १९९९पासून या संघात चाळीसहून जास्त क्वार्टरबॅकांनी सामन्याची सुरुवात केली आहे, म्हणजे कपाटाचं काय झालं असेल याचा अंदाज करावा. एका हुशार चाहत्याने यावर तोडगा काढला होता. टिम काउच या क्वार्टरबॅकची एकच जर्सी घेतली आणि पाठीवर नावांच्या पट्ट्या चिकटवत गेला. आधीचा गेला की त्याच्या नावावर काट, खाली नवा. नावं पाठीवरून घरंगळत पार खाली आली. ते वस्त्र शहरभर प्रसिद्ध झालं.

ऑगस्टमध्ये सरावाचे सामने होतात. त्यांना काडीचा अर्थ नसतो, हे त्याला ठाऊक आहे आणि दर ऑगस्टमध्ये तो तेवढ्यापुरतं विसरतो. २०१७ साली ब्राऊन्सनी सरावाचे चारही सामने जिंकले होते. त्यानंतर काय झालं ते कांदा चिरणाऱ्या पोराने मघाशी सांगितलंच.

सामना सुरू झाला की घरातलं वातावरण बदलतं. ब्राऊन्स मागे असतील तर काळजीचं कारण नाही. तो सोफ्यावर पाय पसरून शांतपणे चिप्स खातो, फोन आले तर घेतो. ब्राऊन्स पुढे गेले की मात्र उठून उभा राहतो. दहा गुणांची आघाडी म्हणजे पोटात गोळा. चौदा गुणांची म्हणजे खोलीत येरझाऱ्या. बायको बिचारी म्हणते, “अरे, जिंकतायत ना?” तो तिच्याकडे अशा नजरेने बघतो, की लग्नाला इतकी वर्षं झाली पण ही अजून घरात रुळली नाही. त्याच्या भीतीला पुरावे आहेत. २००२च्या सप्टेंबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध ब्राऊन्सनी ३९-३७ असा सामना जिंकलाच होता. शेवटचा क्षण. ड्वेन रड या ब्राऊन्सच्या खेळाडूला वाटलं, आपण समोरच्या क्वार्टरबॅकला पाडलं, संपलं. आनंदाच्या भरात त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढून भिरकावलं. चेंडू अजून खेळात होता. हेल्मेट काढल्याचा दंड झाला, घड्याळात शून्य असताना कॅन्सस सिटीला आणखी एक संधी मिळाली, त्यांनी किक मारली, ४०-३९. तेव्हापासून आपला माणूस टोपीसुद्धा सामना संपून दहा मिनिटं झाल्यावर काढतो.

नोव्हेंबर उजाडला की त्याचं गणित सुरू होतं. अजून प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, शक्य आहे, फक्त आपण उरलेले सगळे जिंकायचे, पिट्सबर्गने तीन हरायचे, बाल्टिमोरने चार, आणि सिनसिनाटीच्या गावात वीज जायची. डिसेंबरात हेच गणित उलटं चालतं. आता जिंकणं परवडत नाही. एखादा फुकटचा विजय पदरी पडला तर एप्रिलमधली निवड खाली घसरते. या अवस्थेत तो संघावर ओरडतो तेव्हा चांगलं खेळल्याबद्दल ओरडतो.

२०१६ साली तर याचा कळस झाला. संघ एकामागून एक सामने हरत चाललेला. चाहत्यांनी ठरवलं, सोळाही हरले तर मिरवणूक काढायची. वर्गणी जमली, तयारी झाली. आणि २४ डिसेंबरला ब्राऊन्स जिंकले. २०-१७. मिरवणूक रद्द! जमलेला पैसा गरजूंना अन्न पुरवणाऱ्या फूड बँकेला गेला, म्हणजे काही तरी चांगलं झालं. पण विजयामुळे कार्यक्रमावर पाणी पडण्याचा प्रसंग दुसऱ्या कुठल्या संघाच्या चाहत्यांवर आला असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी संघाने निराश केलं नाही. ६ जानेवारी २०१८ रोजी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हजारो लोक स्टेडियमभोवती गोल फिरले. गोल अशासाठी, की वरून पाहणाऱ्याला शून्य दिसावं. माझ्या मते त्या वर्षी ब्राऊन्सच्या नावावर आखलेली आणि तडीस गेलेली एवढी एकच चाल होती.

त्यानंतरच्या सप्टेंबरात एका बियर कंपनीने शहरातल्या बारमध्ये साखळदंड घातलेले फ्रिज ठेवले. ब्राऊन्स जिंकले की कुलपं आपोआप उघडणार, बियर फुकट. पहिला सामना पिट्सबर्गशी, २१-२१ बरोबरी. हरण्याची माळ तुटली, फ्रिज मात्र उघडला नाही. दुसऱ्यात किक मारणाऱ्याने चार संधी दवडल्या आणि सामना तीन गुणांनी गेला. अखेर २० सप्टेंबरला न्यूयॉर्क जेट्स २१-१७ असे हरले, ६३५ दिवसांनी विजय आला, फ्रिज उघडले. आपल्या माणसाने कॅन घेतला, अर्धा प्याला आणि म्हणाला, “कोमट आहे.”

विनोद करायचा नाही अशी त्याच्याकडे एकच गोष्ट. १९९५च्या नोव्हेंबरमध्ये मालक आर्ट मॉडेलने संघ बाल्टिमोरला हलवत असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या घरच्या सामन्यात लोकांनी बसायची बाकं उखडून मैदानात फेकली. काहींनी घरी नेली, आणि ती अजून तळघरात आहेत. नाव, रंग आणि विक्रम शहराकडे राहिले, १९९९मध्ये नव्याने संघ उभा राहिला. दरम्यान बाल्टिमोरला गेलेल्यांनी रेव्हन्स हे नाव घेतलं आणि २००१च्या जानेवारीत सुपर बोल जिंकून दाखवला. मॉडेलचं नाव या घरात घेत नाहीत. २०२२ साली तीन पहिल्या फेरीच्या निवडी आणि २३ कोटी डॉलरची हमी देऊन डेशॉन वॉटसनला आणलं, तेव्हाही घर असंच गप्प झालं होतं. वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावलेले होते. त्याने ते नाकारले. “हरायची सवय आहे,” ब्राऊन्सवाला एवढंच म्हणाला, “मान खाली घालायची नव्हती.” त्या मोसमात जर्सी आली नाही.

पण तिकीट? ते आलं. सोडून का देत नाहीस, असं त्याला विचारणारे असतात. त्यांना तो २०१३ सालच्या एका चाहत्याची गोष्ट सांगतो. त्याच्या मृत्यूच्या बातमीत त्याची अखेरची इच्छा छापून आली होती: शवपेटीला खांदा द्यायला ब्राऊन्सचे सहा खेळाडू हवेत, जन्मभर त्यांनीच खड्ड्यात घातलं, शेवटच्या वेळीही त्यांनीच घालावं. ही गोष्ट सांगताना त्याच्या आवाजात जो आदर येतो, तो विजेत्यांबद्दल बोलताना कधी येत नाही.

आता १० जानेवारी २०२१. पिट्सबर्ग, प्लेऑफ. करोनामुळे ब्राऊन्सचे प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की घरी, तळघरात बसून टीव्हीवर आपलाच संघ बघतायत. पहिल्याच खेळीत पिट्सबर्गचा चेंडू त्यांच्याच क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे गेला आणि ब्राऊन्सनी त्यावर झडप घालून टचडाउन केला. पहिला क्वार्टर संपला तेव्हा २८-०. आपला माणूस भिंतीला टेकून उभा होता. “अठ्ठावीस,” तो पुटपुटला, “अठ्ठावीसवरून हरलेला संघ कुठला असेल?” आणि फोनवर शोधू लागला. ब्राऊन्स ४८-३७ जिंकले. २६ वर्षांनी प्लेऑफचा विजय! शहर रस्त्यावर आलं, हॉर्न वाजले. बायकोने त्याला मिठी मारली, त्याने तिच्या खांद्यावरून टीव्ही बघत विचारलं, “पुढचा सामना कुणाशी?”

पुढचा कॅन्सस सिटीशी होता आणि तो आठवडा त्याला फार जड गेला. लोक अभिनंदन करत होते. काय उत्तर द्यायचं ते सुचत नव्हतं. रविवारी सामना सुरू झाला. मध्यंतराच्या थोडं आधी रशार्ड हिगिन्सने चेंडू झेलला, गोलरेषेकडे झेपावला, हात लांब केला आणि धडक बसून चेंडू निसटला, रेषेपलीकडच्या पट्ट्यातून मैदानाबाहेर गेला. अशा वेळी चेंडू समोरच्या संघाला देतात. अर्धा देश या नियमाला शिव्या घालतो. ब्राऊन्स २२-१७ असे हरले.

सोमवारी तो कामावर वेळेआधी हजर होता. चहाच्या यंत्रापाशी चार जणांना गोळा करून, बिस्किटाचा चेंडू करून त्याने तो नियम दोनदा समजावला. मग तारखेकडे वळला. बायनरच्या हातून चेंडू निसटला तो दिवस १९८८चा, १७ जानेवारी; आणि कालची तारीख काय होती? कुणी तरी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सतरा. “सतराच!” तो म्हणाला, आणि पाचवा माणूस आत येताना दिसला तशी त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.