कागदी जोर-बैठका

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात एक किरकोळ अंगाचा मुलगा वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी नाव द्यायला गेला. खेळाच्या शिक्षकांनी त्याला एकवार वरून खाली न्याहाळलं आणि वाटेला लावलं, अशी गोष्ट सांगतात. मुलगा थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य म्हणाले, खेळू दे. हाच मुलगा 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मुलाचं नाव खाशाबा जाधव. त्याच्या हेलसिंकीवारीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हेही सगळे सांगतात. त्या क्रीडाशिक्षकांचं नाव मात्र गोष्टीत कुणी घेत नाही. बरंच आहे. त्यांची परंपरा अजून नोकरीत आहे.

तेव्हा नकार नुसत्या नजरेनं दिला जायचा. आता त्याला संदर्भग्रंथ आहेत. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला बसलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, तो तीन शब्द घडाघडा म्हणून दाखवील: एंडोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एक्टोमॉर्फ. म्हणजे गोल, पिळदार आणि काटकुळा. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसानं कॉलेजातल्या सुमारे चार हजार तरुणांचे उघडे फोटो मांडून 1940 साली ही वर्गवारी केली. तिथंच थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण गोल माणूस सुखासीन, पिळदार माणूस धाडसी आणि काटकुळा माणूस घुमा, असे स्वभावही त्यानं वाटून दिले. मानसशास्त्रवाल्यांनी हा भाग कधीच अडगळीत टाकला. शरीराच्या मापांचा जो भाग कामाचा होता, तो हीथ आणि कार्टर यांनी 1967 मध्ये धुऊन-पुसून, चिमटा आणि मापपट्टी लावून पुन्हा वापरात आणला. आमच्याकडे मात्र मूळ शेल्डन स्वभावासकट शाबूत आहे. 'आकृतीसह स्पष्ट करा', दहा गुण. राजाराम कॉलेजातल्या त्या गुरुजींना हे शिकायला मिळालं असतं, तर त्यांनी खाशाबांना तळटीप देऊन घरी पाठवलं असतं.

गाइडातला दुसरा हुकमी प्रश्न स्नायूदुखीचा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग का आंबतं? उत्तर: स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे. गुण मिळाले. आता खरं ऐका. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते लॅक्टेट रक्तातून निपटलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे ठणकतं, ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळं. ही इजा होते ती मुख्यतः स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागतो तेव्हा. रविवारी सिंहगड चढताना दम लागतो, पण सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना ज्या मांड्या बोंबलतात, त्या चढण्यानं दुखावलेल्या नसतात, उतरण्यानं दुखावलेल्या असतात. गड उतरलेल्या कुणालाही हे पटेल. पण उत्तरपत्रिकेत असं लिहिणाऱ्या मुलाचा एक गुण गेला म्हणून समजा. म्हणजे शास्त्र शिकायचं की पास व्हायचं, हे त्यानं पहिल्या वर्षालाच ठरवायचं.

बरं, हा सगळा विषय आपल्याला परका आहे, असंही म्हणायला सोय नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं 1924 साली. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे श्रद्धेवर न सोडता त्यांनी क्ष-किरणाखाली पाहिलं, आतला दाब मोजला आणि 'योग मीमांसा' नावाच्या नियतकालिकात आकड्यांसकट छापलं. थकवा आणि व्यायाम यांच्या अभ्यासासाठी जगभर नावाजलेली हार्वर्डची फटिग लॅबोरेटरी निघाली 1927 साली. तीन वर्षांनी. तिकडं बडोद्यात करंदीकर-मजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तेही मराठीत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 मध्ये त्यांचा चमू बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला.

एवढ्या वारशाचं आपण काय केलं? प्रश्न काढला: 'स्वामी कुवलयानंद यांचे शारीरिक शिक्षणातील योगदान थोडक्यात लिहा.' गुण पाच. थोडक्यात हा शब्द ठळक.

नव्या शैक्षणिक धोरणानं तर प्रत्येक विद्यार्थ्याला खेळाकडं वळवायचा चंगच बांधला आहे. खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक असल्या सहअभ्यासक्रमांना दोन-दोन क्रेडिट. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. दोन क्रेडिट म्हणजे साठ. साठ तास खरोखर मैदानात घालवले, तर वाणिज्य शाखेचा मुलगा निदान दोन वेळा घामेजेल आणि एकदा गुडघा फोडून घेईल. कल्पना फर्स्टक्लास आहे. पण सहाशे मुलं, एक मैदान, एक क्रीडासंचालक आणि त्या मैदानावर पार्किंग, पंडाल किंवा परीक्षेचा मांडव. मग साठ तास मावायचे कुठं? कागदावर. तिथं जागा भरपूर असते.

कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात हा अभ्यासक्रम अगदी जवळून पाहायला मिळाला.

"दादा, पीईची फाइल आहे का?"

"कबड्डी पाहिजे का खो-खो?"

"स्वस्त कुठली?"

"कबड्डी. खो-खोला रेषा जास्त, त्याचे वीस जादा."

मुलानं कबड्डी घेतली. फाइल देखणी होती. मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढं एक मीटरवर बोनस रेषा, कडेला एक-एक मीटरची लॉबी. सगळं पेन्सिलीनं, पट्टी लावून, अगदी काटेकोर. पुढच्या पानावर 'चढाईचे कौशल्य' या मथळ्याखाली पाय कसा टाकायचा याचं सात ओळींचं वर्णन. दुकानदाराची बायको गल्ल्यामागं बसून पुढच्या फाइलीतल्या निदानरेषा मारत होती. साठातले निदान चाळीस तास या बाईंनी भरले असतील. क्रेडिट त्यांना द्यायला हवेत.

वरच्या मजल्यावरचं दुकान वेगळं आहे. तिथं आता 'शारीरिक शिक्षण' म्हणत नाहीत, 'स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज सायन्स' म्हणतात. खासगी विद्यापीठांची चकचकीत माहितीपत्रकं आठवा. मुखपृष्ठावर ट्रेडमिलवर धावणारा गोरा तरुण, तोंडाला मास्क, मास्कमधून निघालेली नळी, शेजारी टॅब घेऊन उभी पांढऱ्या कोटातली तरुणी. तो मास्क व्हीओ-टू मॅक्स मोजतो, म्हणजे जिवाच्या आकांतानं पळताना शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागं किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं ते. माप उत्तम आहे, अभ्यासक्रमही उत्तम असू शकतो. फीच्या आकड्यानंच निम्मा व्यायाम होतो. पण दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या मुलाला विचारलं, "मशीन वापरलंस का?" तर म्हणतो, "पाहिलंय सर. किल्ली एचओडींकडे असते. नॅकची कमिटी आली तेव्हा उघडलं होतं."

मशीन नसलं म्हणून अडत नाही, हे अमेरिकन हवाईदलातल्या डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 मध्येच दाखवून दिलं. माणसाला बारा मिनिटं पळवा, अंतर मोजा आणि सूत्रात घाला. व्हीओ-टू मॅक्सचा बऱ्यापैकी अंदाज येतो. लागतं काय? एक मैदान आणि एक घड्याळ. गरिबाची प्रयोगशाळा.

ही चाचणी आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाला फार आवडली. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी, नेट वगैरे पाहिजेच, शिवाय बारा मिनिटांची धाव-चाल चाचणी. पुरुषांसाठी तिशीपर्यंत 1800 मीटर. चाळिशीपर्यंत 1500. पंचेचाळिशीपर्यंत 1200. पन्नाशीपर्यंत 800. बायकांना वेळ आठ मिनिटांचा आणि अंतर 1000 मीटरपासून उतरत उतरत 400 पर्यंत.

जरा हिशेब करू. कूपर यांच्या नावानं चालणाऱ्या कोष्टकात विशीतल्या पुरुषाचे 1800 मीटर 'सरासरीखाली'च्या रकान्यात पडतात. म्हणजे ज्यानं पोरांना तंदुरुस्ती शिकवायची, त्यानं किमान सरासरीहून कमी असावं, ही अट. बारा मिनिटांत 800 मीटर म्हणजे ताशी चार किलोमीटर. मंडईतून दोन पिशव्या घेऊन, वाटेत कोथिंबिरीचा भाव विचारत घरी निघालेला माणूस याच वेगानं चालतो. आठ मिनिटांत 400 मीटर म्हणजे ताशी तीन. तो भाव करायलाही थांबला असं समजा. आता 800 मीटर कूपरच्या सूत्रात घातले, तर उत्तर येतं साडेसहा मिलिलिटरच्या आसपास. खुर्चीत नुसतं बसलेल्या माणसाला साडेतीन लागतात. सूत्र इतक्या खाली लावायचं नसतं, असं एखादा जाणकार म्हणेल. कबूल. मग नियम तरी इतक्या खाली कशाला न्यायचा?

त्याच नियमावलीत एक कलम आणखी आहे. चाचणी देण्याआधी उमेदवारानं आपण तंदुरुस्त असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणायचं. आयोगाला मंडईतल्या चालीचीही जोखीम नको.

यात उमेदवाराचा दोष काढवत नाही. तो बिचारा पदवी, पदव्युत्तर, नेट, कधी पीएच.डी. असे अडथळे पार करून चाळिशीत त्या बारा मिनिटांपर्यंत पोचतो. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात. शाळेकडं वळावं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असली, तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी निदेशक द्यायचा म्हटलंय. अर्धवेळ. शंभरपर्यंत मुलं असलेल्या शाळेला तेवढाही नाही, तिथली मुलं आपोआप सुदृढ होत असावीत. शेवटी दोन वर्षांचं बी.पी.एड. आणि दोन वर्षांचं एम.पी.एड. केलेला माणूस जिममध्ये लागतो आणि तिथं त्याचा वरिष्ठ असतो दंडावर गोंदवून घेतलेला, शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट केलेला, प्रोटीनचे डबे विकणारा एक बारावी पास गडी. त्यालाही विचारून बघा, अंग का आंबतं? तोही लॅक्टिक आम्लच म्हणतो. निदान इथं तरी विद्यापीठ आणि बाजार यांचं एकमत आहे.

राज्याचं क्रीडा विद्यापीठ कुठं व्हावं, यावरही मध्यंतरी औरंगाबाद आणि पुणे असा सामना रंगला होता. पुण्यानं जिंकला. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभी केलेली बालेवाडीची क्रीडानगरी तयारच होती. जागेवरून इतकी चुरस आपल्याकडं मैदानात क्वचित बघायला मिळते.

एरवी महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं व्यायाम-विद्यापीठ कुणी स्थापन केलेलं नाही. ते पहाटे पाच वाजता तालुक्याच्या डांबरी रस्त्यावर भरतं. पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. 1600 मीटरला पूर्ण गुण पाहिजेत तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. तिशीपर्यंतचा भावी संचालक बारा मिनिटांत जेवढं अंतर काटतो, त्याहून दोनशे मीटर कमी हा भावी हवालदार निम्म्याहून कमी वेळात उरकतो आणि तेही बहुतेक वेळा मोठ्या भावाच्या बुटात. याच्याजवळ शेल्डन नाही, फाइल नाही, मास्क नाही. मांडी भरून आली की आई तेल लावते. मोबाइलमधलं घड्याळ आणि 'अकॅडमी'च्या सरांची शिट्टी एवढीच सामग्री. वर ट्रक अंगावर येणार नाही ना, म्हणून एक कान मागं.

परवा एका कॉलेजच्या बंद फाटकापाशी अशीच चारपाच पोरं धापा टाकत थांबली होती. आत चारशे मीटरचा ट्रॅक, मातीचा का असेना, आखलेला. एक पोरगा गेटवरच्या वॉचमनला म्हणाला, "मामा, आत पळू द्या की. रस्त्यावर गाड्या लई."

"मैदान फक्त विद्यार्थ्यांसाठी हाय."

"मी हितलाच हाय. सेकंड इयरला. हे बघा आयकार्ड. मागच्या सेमला पीईमधे ओ ग्रेड हाय मला."

मामांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"ओ ग्रेड मिळालीय ना? मग आता कशाला पळतोस?"