दोन पत्रिकांचे गुणमेलन

ज्या पातुरात प्राचीन कारागिरांनी निव्वळ छिन्नीच्या बळावर डोंगर कोरून लेणी केली, त्याच पातुरात आमच्या पुतण्याचा संगणकावरील अभ्यास मात्र ग्राफिक्स कार्डावाचून खोळंबला, आणि त्याने दोन स्वस्त कार्डांची तुलना, वधूवरांच्या पत्रिका मांडाव्यात तशी, आमच्यासमोर रुजू केली. एनव्हिडियाचे २०१९ सालचे जीटीएक्स १६५० आणि एएमडीचे २०२२ सालचे आरएक्स ६४००. उभयतांची मेमरी ४ जीबीच, परंतु पहिल्यास ७५ वॅट वीज लागते तर दुसऱ्याचे ५३ वॅटमध्ये भागते, आणि भारनियमनाच्या मुलखात मिताहार हा शीलाहूनही श्रेष्ठ गुण असल्याने आमचा कौल मनोमन ठरलाच होता. इतक्यात कळले की हे मिताहारी स्थळ मदरबोर्डाशी अवघ्या चार मार्गिकांतून बोलते, पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या बोर्डावर त्यांचीही गती निम्म्यावर येते, आणि आमचा बोर्ड, घरातील यच्चयावत वस्तूंप्रमाणे, जुनाच निघाला.

“काका, मंग सोळा मार्गिकावालंच घेऊ ना!” चिरंजीवांनी निकाल जाहीर केला.

अभ्यास नेमका कशाचा, याची चौकशी करावयास आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर एक बंदूकधारी शिपाई भिंतीआड दबा धरून बसला होता. एवढ्यात वीज गेली.