बुवांचा गळा

बुवा सर्दीला घाबरतात तितके समीक्षकांना घाबरत नाहीत. समीक्षक अजून इकडे फिरकलेलेच नाहीत, सर्दी मात्र दर महिन्याला येते.

जून उजाडला की मफलर बाहेर. खिशात लवंग, ज्येष्ठमधाची काडी आणि खडीसाखरेची पुडी. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की हात आडवा धरून चार पानांपलीकडे ऐकू जाईल असं म्हणणार, "नको, परवा गाणं आहे." परवा गाणं असतंच असं नाही. घरी वहिनी फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतात. मिरचीचा ठसका थेट तार षड्जावर जाऊन बसतो म्हणे.

वय बेचाळीस. पत्रिकेत अजूनही 'उदयोन्मुख'. आकाशवाणीची ग्रेड 'बी हाय'. 'ए'चं काय झालं, असं कोणी विचारलंच तर बुवा तडक मल्लिकार्जुन मन्सूरांवर येतात. "अण्णांना पद्मश्री कधी मिळाली? १९७० साली! साठीला टेकले होते!" म्हणजे बुवांच्या हाती अजून बराच काळ आहे. थोरांचं नाव घेताना त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो, स्कूटर चालवत असले तरीही. मागे बसलो की मी घराण्यांचा विषय काढत नाही.

भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि पुण्यातल्या गाणाऱ्यांच्या तमाम नातेवाइकांना एक कायमचा प्रश्न मिळाला: "मग, सवाईला कधी?" "बोलणी चालू आहेत," बुवा म्हणतात. कोणाशी, ते आम्ही विचारत नाही. डिसेंबरात मात्र ते भारतीय बैठकीत पहिल्या दिवसापासून हजर. तरुण गायक मंचावर आला की डोळे मिटून ऐकतात, आणि उठताना एवढंच म्हणतात, "तयारी आहे. ठहराव यायचाय."

गेल्या दिवाळी पहाटला बागेत बुवांचं गाणं होतं. साडेपाचची वेळ, ललत ठरलेला. दीपप्रज्वलन झालं, प्रायोजक बोलले, नगरसेवक बोलले, मग माजी नगरसेवक बोलले. बुवांच्या हाती माइक आला तेव्हा ऊन चष्म्यावर आलं होतं. ललत मनातल्या मनात मिटला, तोडी काढली. "मॉनिटरमध्ये तानपुरा द्या, तानपुरा!" हे विलंबिताच्या प्रत्येक आवर्तनात. दुसरीकडे फराळाची रांग लागलेली. तेवढ्यात चिठ्ठी आली: 'मानापमान'मधलं एखादं होऊ द्या.

बुवांनी चिठ्ठी तबलजीला दाखवली, सुस्कारा सोडला आणि पेटीवाल्याकडे पाहिलं. गोविंदराव टेंब्यांची १९११ सालची चाल. पण काय लागला हो आवाज! रांगेतल्या बायका चकलीच्या प्लेटा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. माजी नगरसेवकांनीही फोन खिशात टाकला.

नंतर शाल, श्रीफळ, पाकीट. पाकीट साथीदारांत वाटलं गेलं, शाल माळ्यावरच्या गठ्ठ्यात गेली. स्कूटरला किक मारताना बुवांनी आम्हाला बजावलं, "आता दोन दिवस मौन. गळ्याला विश्रांती हवी."

दुपारी तीनपर्यंत त्यांचा फोन एंगेज होता. मॉनिटरमध्ये तानपुरा कसा नव्हता, हे सगळ्या पुण्याला सांगायचं होतं.