दगड आळशाच्या हाती द्यावा

दिवाळी तोंडावर आली की घरातला एखादा सफाईवीर खराटा आणि ॲसिडची बाटली घेऊन उभा राहतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस सोसलेल्या दगडाचे खरे वाईट दिवस तेव्हा सुरू होतात. जुनं दगडकाम साफ करायचं काम घरातल्या सगळ्यात आळशी माणसाकडे द्यावं, असं माझं ठाम मत आहे. शहाबादी फरशीचंच घ्या. ती चुनखडीचा दगड. कडप्पाही त्याच भावकीतला. संडास धुवायच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक ॲसिड तिच्यावर पडलं की फस्सकन फेस येतो. सफाईवीर खूश, मळ निघतोय! निघत असतो तो दगड. तो फेस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट विरघळताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड. पावलांनी घासून आलेला तुळतुळीतपणा त्यात जातो आणि खरखरीत झालेली फरशी मळ आणखीच धरून बसते. ‘पण लिंबू तर नैसर्गिक!’ असेल, आंबट ते आंबटच, फरशीला लेबल वाचता येत नाही.

वाडेवाले म्हणतील, आमचा दगड काळा बेसॉल्ट, त्याला ॲसिडचं कसलं भय? फारसं नाही, मान्य. पण त्या दगडांना धरून ठेवलंय चुन्याने, आणि चुना ॲसिडपुढे टिकत नाही. म्हणजे पहिलवान धडधाकट, गुडघे तेवढे गेले. मग सांधे सिमेंटने भरायचे, की चुन्यातून बाहेर पडणारी ओल भिंतीतच कोंडते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतल्या फायरप्लेसलाही आळशीच हवा. काजळी आधी कोरड्या, मऊ ब्रशाने झाडायची असते. आळशाला हे आपोआप जमतं, कारण बादली भरायचा त्याला कंटाळा. उत्साही माणूस आधी पाणी ओततो आणि काजळीची शाई करून दगडाच्या रंध्रांत भरतो. उरल्या डागाला सौम्य साबण पुरे. तेलकट डागावर मुलतानी मातीचा जाड लेप द्यावा आणि तो वाळेपर्यंत झोप काढावी. तरीही काळेपणा राहिलाच तर राहू दे. जिथे लाकडं जळतात तिथे गोरेपणाचा हट्ट कशाला?

धुराड्याच्या आत मात्र आळस चालत नाही, हा आक्षेप बिनतोड आहे. ओल्या लाकडाच्या धुराने तिथे डांबरासारखा थर साचतो आणि तो पेट घेतो. शिवाय धुराडी साफ करणाऱ्यांच्या कॅन्सरचा संबंध काजळीशी असल्याचं लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच दाखवलं होतं. तेव्हा दरवर्षी जाणकार माणूस लावून धुराडं साफ करून घ्यावं. माणूस लावायचा म्हटल्यावर आपल्या आळसालाही बाध येत नाही. ॲसिडची बाटली तेवढी संडासातच राहू द्या.